विभक्त पालक आणि मुलाचा ताबा : कौटुंबिक न्यायालय नेमके काय पाहते?

वैदर्भी
माझा धाकटा भाऊ आणि भावजय गेल्या पावसाळ्यापासून वेगळे राहत आहेत. भाऊ नागपुरात मानेवाड्याला आईबाबांजवळ असतो आणि हिंगण्याच्या एमआयडीसीत पाळीत काम करतो. भावजय अमरावतीला माहेरी आहे. सहा वर्षांचा भाचा तिच्याजवळ आहे आणि यंदा त्याचे नाव तिथल्याच शाळेत घातले आहे. पुन्हा एकत्र राहणे होणार नाही, हे दोन्ही घरांनी जड मनाने स्वीकारले आहे. घटस्फोटाची बोलणी कशीबशी पुढे सरकतात, पण मुलाचा विषय निघाला की दोघेही गप्प होतात.

नातेवाइकांपैकी निम्मे म्हणतात, "कोर्ट मूल आईलाच देते, अर्ज करून उपयोग नाही." उरलेले म्हणतात, "कायद्याने बापच पालक असतो, मुलगा आपल्याकडेच येईल." दोन्ही गोष्टी सारख्याच ठामपणे सांगितल्या जातात. न्यायालय खरोखर काय पाहून निर्णय घेते, हे ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांनी कृपया सांगावे. मला भावाची बाजू जिंकायची नाही. भाच्याला दोन्ही घरे राहावीत, एवढीच इच्छा आहे.

काळा_कोट
वैदर्भीताई, मी नागपुरात कौटुंबिक प्रकरणे चालवतो. आपण ऐकलेली दोन्ही विधाने अर्धी खरी आहेत. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ६ मध्ये आधी वडील आणि त्यांच्यानंतर आई, असा नैसर्गिक पालकांचा क्रम दिला आहे. त्याच कलमात असेही म्हटले आहे की, पाच वर्षे पूर्ण न झालेल्या मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडे असावा. वडील हयात असतानाही ते मुलाच्या जबाबदारीपासून दूर असतील, तर आई नैसर्गिक पालक ठरू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली गीता हरिहरन प्रकरणात स्पष्ट केले. पण याच कायद्याचे कलम १३ या सगळ्याच्या वर आहे : मुलाचे हित हाच सर्वोच्च विचार. आपला भाचा पाच वर्षांचा उंबरठा ओलांडून गेला आहे, म्हणजे वयाचा तो नियम त्याला आपोआप लागू होत नाही. मात्र वडील नैसर्गिक पालक आहेत एवढ्यावरून ताबा त्यांच्याकडे येईल, असेही नाही. पालकत्व आणि प्रत्यक्ष ताबा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पालक व पाल्य अधिनियम, १८९० च्या कलम १७ मध्ये मुलाचे वय, लिंग, धर्म, पालकाचे चारित्र्य व क्षमता आणि नात्याची जवळीक या बाबी विचारात घ्यायला सांगितल्या आहेत. समजून पसंती सांगण्याइतके मूल मोठे असेल, तर त्याची इच्छाही विचारात घेता येते. माझ्या पाहण्यात न्यायाधीश यापेक्षा साधे प्रश्न आधी विचारतात. मूल सध्या कोणाजवळ आहे? शाळेत कोण नेऊन सोडते? आजारी पडले तर रात्री कोण जागते? गृहपाठ कोण घेते?

अर्ज कुठे करायचा, हा तुमच्याबाबतीत महत्त्वाचा मुद्दा आहे. १८९० च्या कायद्याखालील अर्ज मूल जिथे सामान्यतः राहते तिथे करावा लागतो, म्हणजे अमरावतीला. पण ते दोघे शेवटचे एकत्र नागपुरात राहिले असतील, तर घटस्फोटाची याचिका इथे दाखल होऊ शकते आणि त्यातच हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २६ खाली मुलाचा ताबा, भेट व शिक्षण यांबद्दल अर्ज करता येतो. भावजयीने प्रकरण अमरावतीला वर्ग करून मागितले, तर लहान मूल सांभाळणाऱ्या आईच्या सोयीला न्यायालय बरेच वजन देते, हेही धरून चाला.

सदर_बाजार
वडिलांचा पगार जास्त असेल आणि स्वतःचे घर असेल, तर त्याचा फरक पडतो का?

काळा_कोट
पडतो, पण थोडा. ज्याच्याकडे पैसा जास्त आहे त्याच्याकडून मुलाचा खर्च घेता येतो, म्हणून केवळ मिळकतीवर ताबा ठरत नाही. घर कोणाच्या नावावर आहे यापेक्षा त्या घरात संध्याकाळी मुलाजवळ कोण असते, याला महत्त्व आहे. पाळीत काम करणाऱ्या वडिलांना हा प्रश्न हमखास विचारला जातो, तेव्हा त्याचे खरे उत्तर तयार असावे.

नंदनवन
मी या वाटेने गेलेला बाप आहे, म्हणून एक गोष्ट कळकळीने सांगतो. ताई, तुमच्या भावाला अंतिम निकालाची वाट पाहत बसू देऊ नका. प्रकरण वर्षानुवर्षे चालते आणि मूल तेवढ्या काळात वाढत असते. सुरुवातीच्या महिन्यांत जो अंतरिम, म्हणजे निकालापर्यंतचा तात्पुरता, आदेश होतो, त्यानुसार मुलाची शाळा, मित्र, झोपेच्या वेळा, सगळे बसत जाते. पुढे निकालाच्या वेळी न्यायाधीश म्हणतात की बसलेली घडी मोडणे मुलाच्या हिताचे नाही, आणि ते चूकही म्हणता येत नाही. माझे स्पष्ट मत आहे की आपल्याकडे मुलाचा खरा निर्णय अंतरिम अर्जावरच होतो आणि त्या अर्जाकडेच पक्षकार सर्वांत कमी लक्ष देतात.

माझ्या मुलीची भेट सुरुवातीला न्यायालयाच्या आवारातील मुलांच्या खोलीत होत असे. तिथे खेळणी असतात, इतर कुटुंबेही असतात आणि शेजारच्या टेबलावर दुसरा एखादा बाप आपल्या मुलाशी काय बोलावे या विचारात बसलेला असतो. मी तिथे गोष्टींची पुस्तके आणि चित्रकलेचे साहित्य नेत असे आणि प्रकरणाबद्दल, तिच्या आईबद्दल एक शब्दही काढत नसे. हळूहळू भेट बाहेर होऊ लागली, मग दिवसभराची झाली, मग मुक्कामाची. ही चढती पायरी मला त्या वेळी अपमानास्पद वाटायची. आज वाटते की मुलीला माझी पुन्हा सवय होण्यासाठी ती आवश्यक होती.

नीलमोहर
नंदनवन, आपला अनुभव वाचून बरे वाटले, पण सगळे बाप आपल्यासारखे नियमाने येत नाहीत. दर दुसऱ्या शनिवारी मी मुलाला तयार करून न्यायालयात न्यायची. तो खिडकीकडे बघत बसायचा आणि अनेकदा कोणीच यायचे नाही. कळवणेही नाही. मी एकदा नेले नाही, तर आदेशाचा अवमान केला म्हणून लगेच अर्ज होत असे, पण समोरचा आला नाही तर त्याचे काय, याबद्दल आदेशात एक ओळही नव्हती. ताबा असलेल्या आईवर मुलाला आणण्याची जबाबदारी असते, तशीच भेट मागणाऱ्यावर येण्याची जबाबदारी असली पाहिजे. वैदर्भीताई, आपल्या भावाला भेट मिळाली, तर त्याने ती एखाद्या कर्जाच्या हप्त्यासारखी पाळावी. पाळी बदलली, साहेबांनी थांबवले, ही कारणे सहा वर्षांच्या मुलाला समजत नाहीत.

काळा_कोट
नीलमोहर यांचा मुद्दा मसुद्यात आणता येतो. येणे शक्य नसेल तर किमान एक दिवस आधी लेखी कळवावे, योग्य कारणाने चुकलेली भेट पुढच्या आठवड्यात भरून द्यावी, न कळवता चुकवलेली भेट भरून मिळणार नाही, अशा अटी दोन्ही पक्षांच्या संमतीने आदेशात घालता येतात. न्यायालये त्या मान्य करतात, पण बहुतेक अर्जांत कोणी त्या मागतच नाही.

नंदनवन यांच्याशी मी बराचसा सहमत आहे, पूर्णपणे नाही. विवेक सिंग विरुद्ध रोमानी सिंग या प्रकरणात मुलगी अगदी लहानपणापासून वडिलांजवळ वाढली होती, तरीही तिचा ताबा आईकडे देण्याचा उच्च न्यायालयाचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली कायम ठेवला. एका पालकाजवळ राहून मुलाच्या मनात दुसऱ्याबद्दल दुरावा तयार होतो, याची त्या निकालात सविस्तर चर्चा आहे. बसलेली घडी महत्त्वाची असते, पण दुसऱ्या पालकाला दूर ठेवून ती बसवली असेल, तर ते न्यायालयाच्या लक्षात येते.

सदर_बाजार
मुलाला न्यायाधीशांसमोर उभे करतात का? सहा वर्षांचे मूल काय सांगणार?

ओंजळ
मी विदर्भातील एका कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशक म्हणून काम केले असून आता निवृत्त आहे, म्हणून हे मी सांगते. मुलाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करत नाहीत. न्यायाधीश त्याच्याशी आपल्या दालनात बोलतात आणि त्या वेळी सहसा आईवडील व वकील बाहेर असतात. "तुला कोणाजवळ राहायचे आहे?" असा थेट प्रश्न शहाणे न्यायाधीश लहान मुलाला विचारत नाहीत. शाळेचे नाव, डब्यात काय असते, रात्री गोष्ट कोण सांगते, आजीकडे कोणते खेळ आहेत, अशा बोलण्यातून चित्र उभे राहते. पढवलेले मूल बहुधा लगेच ओळखू येते. सहा वर्षांचा मुलगा "बाबा जबाबदार नाहीत" असे म्हणाला, की ते वाक्य त्याचे नाही हे कोणालाही कळते. मुलाला पढवण्याचा तोटा पढवणाऱ्यालाच होतो, आणि त्याहून मोठी हानी मुलाची होते, कारण त्या खोलीतून बाहेर पडल्यावर आपण कोणाशी तरी बेइमानी केली असे त्याला वाटत राहते. अशी मुले मी पाहिली आहेत.

कुटुंब न्यायालये अधिनियम, १९८४ च्या कलम ९ नुसार समेटाचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्यच आहे. याचा अर्थ लोक पुन्हा संसार जोडणे एवढाच घेतात. संसार जुळत नसेल, तरी मुलाबाबत समेट होऊ शकतो आणि माझ्या मते समुपदेशकाचे खरे काम तिथेच असते. समुपदेशनात पक्षकार जे बोलतात ते गोपनीय असते, पुरावा म्हणून वापरले जात नाही, त्यामुळे तिथे मोकळेपणाने बोलावे. न्यायालयाने मागितला तर घरचे वातावरण आणि मुलाचे प्रत्येक पालकाशी असलेले नाते यांबद्दल समुपदेशक वेगळा अहवाल देतात.

महालातले_आजोबा
माझा नातू सुनेजवळ आहे. आजी-आजोबांना कायद्याने काही स्थान आहे काय? आम्हाला ताबा नको, भेट हवी आहे.

काळा_कोट
आजोबा, आईवडिलांसारखा स्वतंत्र हक्क कायद्यात लिहिलेला नाही. मात्र वडिलांच्या भेटीच्या आदेशात आजी-आजोबांची उपस्थिती, सणाची भेट, फोनवरचे बोलणे यांचा समावेश न्यायालये करतात. आपल्या मुलाच्या अर्जात हे स्पष्टपणे मागायला सांगा. मुलगा हयात नसेल किंवा परदेशी असेल, तर वेगळा सल्ला लागेल.

संत्रानगरी
मला एक मूलभूत प्रश्न आहे. एकाला ताबा आणि दुसऱ्याला भेट, अशी विभागणी हवीच कशाला? अर्धा आठवडा इकडे, अर्धा तिकडे, असा संयुक्त ताबा का देत नाहीत?

काळा_कोट
विधी आयोगाने मे २०१५ मध्ये आपल्या २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याची तरतूद करण्याची शिफारस केली होती, पण तसा बदल कायद्यात अजून झालेला नाही. तरीही पक्षकारांच्या संमतीने आणि काही वेळा न्यायालयाच्या आदेशानेही अशी व्यवस्था होते. धरमपेठ आणि मानेवाडा असे अंतर असेल, तर ती चालू शकते. नागपूर आणि अमरावती यांत सुमारे दीडशे किलोमीटर आहेत आणि शाळा एकच असणार, त्यामुळे वैदर्भीताईंच्या भाच्याबाबत अर्धा आठवडा शक्य नाही. सुट्ट्यांचा मोठा वाटा वडिलांकडे, ही त्यातली व्यवहार्य वाट आहे.

गोरेवाडा
सुट्ट्यांचा विषय निघालाच आहे, तर सविस्तर लिहितो, कारण आमच्या घरातले सर्वाधिक तंटे ताब्यावरून झाले नाहीत, वेळापत्रकावरून झाले. आदेशात लिहिले होते : "उन्हाळी सुट्टीचा अर्धा काळ वडिलांकडे." माझी बहीण मुलांसह पुण्याला असते, तिचे पूर्वीचे यजमान नागपुरात. विदर्भातील शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस सुरू होतात, तर पुण्याच्या शाळा जूनच्या मध्यावर. वडिलांनी नागपूरच्या सुट्टीप्रमाणे मोजले, बहिणीने पुण्याच्या. दोघेही आपापल्या हिशेबाने बरोबर होते आणि मुले मात्र शाळेच्या पहिल्या दिवशी वर्गात नव्हती. त्यानंतर "मूल ज्या शाळेत शिकते त्या शाळेच्या दिनदर्शिकेनुसार" हे शब्द घालून घेतले आणि तो तंटा कायमचा मिटला.

सणांचेही तसेच आहे. मसुद्यांत दिवाळी, होळी, वाढदिवस असतात, तान्हा पोळा नसतो. नागपूरच्या मुलाला लाकडी बैल सजवून गल्लीत फिरण्याचा तो एकच दिवस आहे आणि पुण्यात त्याला पर्याय नाही. आमच्याकडे आता दर वर्षी तान्हा पोळा नागपुरात वडिलांकडे आणि गणपतीचे पहिले दिवस पुण्याला आईकडे, असे लिहून ठेवले आहे. भेटीच्या वेळाही ऋतू पाहून मागाव्यात. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा दुपारी बारा ते चार बागेत भेट ही मुलाला शिक्षा आहे. सकाळी आठ ते अकरा मागा, किंवा रामन विज्ञान केंद्रासारखी सावलीची जागा ठरवा.

नंदनवन
गोरेवाडा यांचा प्रतिसाद प्रत्येक वकिलाने मसुद्याआधी वाचावा. यात फोनची भर घालतो. यशिता साहू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितले की, भेटीचे तपशील आदेशात स्पष्ट असावेत आणि ज्याच्याकडे ताबा नाही त्याला मुलाशी रोज पाच ते दहा मिनिटे बोलता यावे. रोजची वेळ ठरवून घ्या. व्हिडिओ कॉलवर मूल दोन मिनिटांत कंटाळले, तर रागावू नका, ते त्याच्या वयाला धरूनच आहे.

इतवारी_पूल
मुस्लिम कुटुंबांत वेगळा नियम आहे ना?

काळा_कोट
सुन्नी मुस्लिमांच्या हनफी परंपरेत मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत सांभाळण्याचा हक्क आईचा मानतात. पण अर्ज १८९० च्याच कायद्याखाली चालतो आणि शेवटी मुलाचे हित पाहिले जाते.

तिसरा_पहर
माझे आईवडील मी लहान असताना विभक्त झाले. आज मी नोकरी करते. न्यायालयाच्या आदेशाने मला दोघेही मिळाले, याबद्दल मला खरोखर कृतज्ञता आहे, कारण माझ्या वर्गात अशीही मुले होती ज्यांना वडिलांचा चेहरा आठवत नव्हता. पण मोठ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सहाव्या वर्षी ठरवलेली व्यवस्था तेराव्या वर्षी पुरत नाही. माझा प्रत्येक रविवार बाबांचा होता. मैत्रिणीचा वाढदिवस, स्नेहसंमेलनाची तालीम, क्रीडास्पर्धा, सगळे रविवारी यायचे. बाबांना नाही म्हणावे तर ते दुखावत आणि त्यात आईचा हात आहे असे त्यांना वाटे. मी वेळ मागत होते ती स्वतःसाठी, हे दोघांपैकी कोणाला सुचलेच नाही. वय वाढेल तशी व्यवस्था बदलण्याचे कलम पहिल्याच मसुद्यात घाला आणि मुलाला विचारा.

काळा_कोट
कायद्यातही याला पूर्ण जागा आहे. मुलाच्या ताब्याचा आदेश कधीच कायमचा नसतो, परिस्थिती बदलली की बदल मागता येतो. रोझी जेकब प्रकरणात १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने मुले ही आईवडिलांची मालमत्ता किंवा खेळणी नाहीत असे म्हटले, त्याच निकालात हेही तत्त्व आहे.

वैदर्भी
आपणा सर्वांची मी मनापासून ऋणी आहे. भावाला हा सगळा संवाद वाचून दाखवला. त्याच्या वकिलाने पूर्ण ताबा मागण्याचा सल्ला दिला आहे, म्हणजे तडजोडीत निदान भेट तरी मिळेल. यावर आपले मत काय? आणि आधी अर्ज करावा की आधी बोलावे?

काळा_कोट
मी तसा सल्ला देणार नाही. मुलगा वर्षभर आईजवळ आहे, शाळा तिथे आहे आणि वडील पाळीत काम करतात. अशा स्थितीत पूर्ण ताबा मागायचा तर आईच्या विरोधात काहीतरी लिहावे लागते. प्रतिज्ञापत्रावर एकदा लिहिलेले पुसता येत नाही आणि नंतरची प्रत्येक भेट त्या कागदाच्या सावलीत होते. मुलाला तिथे खरोखर धोका असता, तर गोष्ट वेगळी होती. तुमच्या वर्णनात तसे काही नाही.

हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २६ खाली अंतरिम भेटीचा अर्ज तयार ठेवा, पण त्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व मध्यस्थी मागा. तिथे महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सहाय्य मिळते, त्यामुळे भावजयीलाही वकिलाचा आधार राहील. लेखी ठरले, तर परस्परसंमतीच्या याचिकेत त्याच अटी घालता येतील. मध्यस्थी लांबत असेल तर मात्र थांबू नका, अर्ज दाखल करा. नंदनवन यांनी अंतरिम काळाबद्दल जे सांगितले, ते इथे तंतोतंत लागू आहे.

नीलमोहर
आणि भावजयीला आधी फोन करून सांगा की ताबा मागणार नाही आहोत. माझ्या मनात सतत हीच भीती असे की भेटीला नेलेले मूल परत येणार नाही. ती भीती गेली असती, तर मी पुष्कळ गोष्टींना आपण होऊन हो म्हटले असते.

वैदर्भी
नीलमोहर, आपण सांगितले तसेच काल केले. फोन मीच केला, कारण तिचे माझ्याशी अजून बोलणे आहे. ती बराच वेळ ऐकत राहिली आणि मग म्हणाली की लेखी द्या, मी वाचते. भावाने महिन्यातले दोन शनिवार-रविवार, तान्हा पोळा, दिवाळीचे निम्मे दिवस आणि शाळेच्या दिनदर्शिकेप्रमाणे उन्हाळ्याचा वाटा, असा मसुदा लिहिला आहे. पाळी बदलून घेण्यासाठी त्याने कारखान्यात अर्जही दिला. आता अडले आहे ते मुलाला आणण्या-पोहोचवण्यावर. दर वेळी भावाने अमरावतीला जावे, की मध्ये कुठेतरी भेटावे?

ओंजळ
पहिले काही महिने भावानेच अमरावतीला जावे आणि शक्य तर शनिवारी शाळा सुटताना मुलाला तिथूनच घ्यावे. शाळेच्या दारातून मूल दप्तर घेऊन हसत निघते, आजोळच्या दारातून निघताना मात्र सगळ्यांचे चेहरे बघत निघते. त्यासाठी शाळेला दोघांच्या सहीचे पत्र आधी द्यावे लागेल. रविवारी पोहोचवताना उशीर करू नये, सोमवारी त्याची शाळा आहे.